नातीची खिडकी

पुण्याहून निघायच्या आदल्या दुपारी मी दशम्या केल्या. कणीक दुधात भिजवली, थोडा गूळ घातला, पाण्याचा थेंब लावला नाही. अशी दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि दाढा पुरत्या न आलेल्या तोंडालाही चावता येते. माझी आजी पंढरपूरला निघाली की हेच करायची. मी निघाले होते बॉस्टनला, लेकीबरोबर आणि नातीबरोबर.

नात अजून दोन वर्षांची व्हायची होती. त्यामुळं भेटायला आलेल्या प्रत्येकानं लेकीला विचारलं, “अगं, हिचं वेगळं तिकीट कशाला काढलंस? मांडीवर बसली असती की!” प्रश्न मायेचा होता, तसा हिशोबाचाही. परदेशी जाणाऱ्या विमानात दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर घेतलं तर त्याचं भाडं मोठ्या माणसाच्या साधारण दहा टक्के पडतं. स्वतंत्र जागा घेतली की तोच आकडा मोठ्यांच्या भाड्याजवळ जाऊन बसतो. लेकीनं आणि जावयानं तो भरला होता. मला त्याचा अभिमान वाटत होता आणि विचारणाऱ्यांना मी तसं सांगितलंही.

मांडीवर माझा राग नाही. आपण सगळे मांडीवरच वाढलो. उष्टावणाची खीर मामाच्या मांडीवर बसून खाल्ली, एसटीत आईच्या मांडीवर बसून उलट्या पळणाऱ्या झाडांकडं पाहिलं. रेल्वेच्या डब्यात तर मूल एका मांडीवर राहतच नाही. पुण्याला आईजवळ असलेलं मूल दौंडपर्यंत समोरच्या काकूंकडं जातं, कुर्डुवाडीला वरच्या बाकावरच्या दादाकडं असतं आणि सोलापूर आलं की हातात अर्धं बिस्कीट घेऊन परत येतं. वाटेत त्याला कुणी काय भरवलं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. विमानात ही सोय मोडते. तिथं दोन खुर्च्यांमध्ये हात टेकायचा दांडा असतो, समोरची पाठ गुडघ्याला टेकलेली असते आणि शेजारचा माणूस कानात काही घालून डोळे मिटून बसलेला असतो. मांडी आईची एकटीची उरते, आणि तीही अवघडलेली.

मुंबईच्या वाटेवर खंडाळ्याचा घाट उतरलो, तेव्हा नात झोपली होती. विमानतळावर सुरक्षा तपासणीला गणवेशातल्या मुलीनं डबे बाजूला घेतले.

“यात काय आहे?”

“मऊ भात. मेतकूट कालवलेला.”

“आणि बाटलीत?”

“तिचं दूध.”

लंडनहून निघणारी विमानं पातळ स्फोटकांनी उडवायचा कट २००६ साली उघडकीला आला. तेव्हापासून जगभरच्या बहुतेक विमानतळांवर शंभर मिलिलिटरच्या वर काही पातळ सोबत नेता येत नाही. पण लहान मुलाचं दूध आणि खाणं त्यातून वगळलं आहे, प्रवासापुरतं हवं तेवढं नेता येतं. तिनं बाटली यंत्रातून फिरवून परत दिली. डब्याचं झाकण नीट दाबून लावलं आणि म्हणाली, “माझा मुलगापण एवढाच आहे, आजी. साताऱ्याला सासूबाईंकडं असतो. त्यालापण मेतकूट-भात लागतो.” मग ती पुढच्या बॅगेकडं वळली. माझ्या मनात ती बराच वेळ राहिली.

निघण्यापूर्वी एका ओळखीच्या बाईंनी आणखी एक सल्ला दिला होता: सर्दीचं झोप आणणारं औषध पाजा, म्हणजे पोर गप्प झोपेल. हा सल्ला आपल्याकडं फार सहज दिला जातो, म्हणून इथं स्पष्ट लिहिते. या औषधांतलं प्रोमेथाझिन दोन वर्षांच्या आतल्या मुलांचा श्वास मंदावू शकतं, आणि २००४ सालापासून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आहे. इतर औषधांनीही काही मुलं झोपायच्या ऐवजी चेकाळतात. मूल रडलं तर रडू द्यावं. शेजाऱ्यांच्या झोपेसाठी त्याला औषध पाजू नये.

विमानात शिरल्यावर लेकीनं आधी नातीचा पट्टा काढला. केअर्स नावाचा हा पट्टा जेमतेम अर्ध्या किलोचा, दहा ते वीस किलो वजनाच्या मुलांसाठी केलेला. त्याचा एक वेढा खुर्चीच्या पाठीभोवती बसतो, त्याला खांद्यावरून येणारे दोन पट्टे असतात आणि ते खुर्चीच्या नेहमीच्या कमरपट्ट्यात ओवले जातात. वेढा मागच्या प्रवाशाच्या ट्रेखालून न्यावा लागतो. मागं एक पंजाबी आजोबा होते. त्यांनी न सांगता ट्रे खाली ओढून धरला आणि लेकीनं सरकवलेलं टोक पलीकडून खेचून दिलं. “कस के बांधो, बेटा,” म्हणाले. मुलाचं असं आसन खिडकीशीच लावतात, म्हणजे घाईनं बाहेर पडायची वेळ आली तर कुणाची वाट अडत नाही. त्यामुळं खिडकी नातीची, मधली जागा माझी आणि कडेची लेकीची.

हा पट्टा का हवा, हे मला लेकीनं पुण्यातच सांगितलं होतं, आणि ते ऐकल्यापासून मला मांडीची भीती वाटते. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटीला एक डीसी-१० विमान कोसळत उतरलं. आत २९६ माणसं होती, १८४ वाचली. चार मुलं मांडीवरची होती. त्या काळच्या नियमाप्रमाणं हवाई सेविकांच्या प्रमुख जॅन ब्राउन यांनी आईबापांना सांगितलं, मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा आणि घट्ट धरा. धरवलं नाही. त्या चारांतलं एक मूल गेलं. त्याची आई धुरात परत आत जायला निघाली तेव्हा तिला अडवणाऱ्याही जॅन ब्राउनच होत्या. पुढं त्यांनी प्रत्येक मुलाला स्वतःची जागा आणि पट्टा मिळावा यासाठी वर्षानुवर्षं अमेरिकी सरकारकडं आग्रह धरला. अमेरिकेचं विमान प्राधिकरण आजही म्हणतं की मांडी सुरक्षित नाही, मुलाला मान्य आसनातच बसवा; पण सक्ती करत नाही. तिकीट भरावं लागलं तर कुटुंबं मोटारीनं जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं मरतील, असा त्यामागचा हिशोब आहे. हिशोब मला कळतो. तरी अकरा किलोचं मूल जोराच्या धक्क्यात नऊ पटीनं जड झालं तर ते नव्याण्णव किलोचं होतं, आणि तेवढं वजन कुठल्याही आईच्या हातांना पेलणार नाही, हेही खरंच आहे.

विमान वर चढलं आणि नात पट्ट्यात मान टाकून झोपली. तिच्या झोपेत जेवण आलं. विमानातलं जेवण माणसाच्या भुकेला येत नाही, गाडा येतो तेव्हा येतं. पूर्वी सांगून ठेवलेलं मुलांचं ताट सगळ्यांच्या आधी येतं, ही चांगली रीत आहे. पण झोपलेल्या मुलाला उठवून भरवायचं कशाला? सेविका म्हणाली, गरम केलेलं जेवण फार वेळ ठेवता येत नाही. आम्ही त्यातला पाव आणि दही काढून घेतलं आणि बाकीचं जाऊ दिलं. पोटाला घड्याळ असतं ते घरचं असतं, आणि नातीचं तेव्हा पुण्यातल्या मध्यरात्रीवर होतं.

ती जागी झाली तेव्हा पहाट फुटत होती. एवढ्या उंचीवरच्या विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावरच्यासारखी विरळ असते आणि फार कोरडी. जिभेला मीठ आणि साखर कमी लागते, म्हणून तिथलं खाणं मोठ्यांनाही अळणी वाटतं. हवा प्रसरण पावते. दह्याच्या डबीचं झाकण फुगून आलेलं असतं, ते तोंडापासून दूर धरून उघडायचं. पोटातला वायूही तसाच फुगतो, म्हणून एकदम पोटभर भरवायचं नाही. मी थोडं थोडं दिलं. बोटाएवढी दशमीची पट्टी, मग दोन घोट पाणी, मग एक राजगिऱ्याच्या लाडवाचा कण, परत पाणी. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं असलं घशात अडकणारं काही सोबत घेतलंच नव्हतं. मोठ्यांचा ट्रे तिच्या हनुवटीला लागत होता, म्हणून वाटी माझ्या मांडीवर ठेवली. मांडी इथं उपयोगी पडली.

घरी आपण मुलाला फिरत फिरत भरवतो. हा चिऊचा, हा काऊचा, तो बघ मनीमाऊचा. खिडकीत चिऊ नव्हती. खाली इराणचे डोंगर होते, माथ्यावर बर्फाच्या रेघा ओढलेले, आणि त्यांच्यावर पहिलं ऊन. नातीनं काचेला कपाळ लावलं आणि हातातली दशमी विसरली. मीही तिला आठवण करून दिली नाही. थोड्या वेळानं तिनं आपणच खाल्ली.

उतरताना कानात दडे बसतात. मुलांच्या कानातून घशाकडं जाणारी नळी अरुंद आणि आडवी असते, त्यांना जास्त दुखतं. गिळलं की ती नळी उघडते. म्हणून तिचं उरलेलं दूध आम्ही उतरण्यासाठी राखून ठेवलं होतं. खाली काळ्या समुद्राचा किनारा आला, आणि चाकं टेकेपर्यंत ती बाटली चोखत बसली.

लेकीनं इस्तंबूलला मुक्काम ठेवला होता, मुलाच्या अंगावर एवढा लांबचा प्रवास एका दमात पडू नये म्हणून. मला वाटतं हे शहर मुलांसाठीच वसलेलं आहे. सुलतानअहमदच्या दगडी उतारावर ढकलगाडी खडखडते, पण चार पावलांवर कुणीतरी पुढून उचलायला येतंच. मांजरं तर पावलोपावली, दुकानाच्या पायरीवर, मशिदीच्या कट्ट्यावर, खुर्चीत गिऱ्हाइकाच्या शेजारी. कुणी त्यांना हाकलत नाही. नात प्रत्येकीला ‘माऊ’ म्हणून हाक मारायची आणि दुकानदार कौतुकानं तिची नक्कल करायचे.

एका छोट्या खानावळीत बसलो. वाढपी पन्नाशीचा असेल. त्यानं नातीकडं पाहून “माशाल्ला!” म्हटलं, तिला लेकीच्या हातातून अलगद उचललं आणि थेट स्वयंपाकघरात घेऊन गेला. लेक उठून उभी राहिली. बॉस्टनमध्ये अनोळखी माणूस मुलाला हातही लावत नाही. मी बसून राहिले. तो एकेक पातेल्याचं झाकण उघडून नातीला आत काय आहे ते दाखवत होता, आणि तिनं बोट दाखवलं ते पानात आलं: मसुराच्या डाळीचं घट्ट सूप, वर लिंबू, लोण्यात परतलेल्या शेवयांचे तुकडे घातलेला मऊ भात, आणि वाटीभर दही. आमटी-भातच तो. फोडणी नाही, गूळ नाही, पण पोटाला ओळखीचा. उंच खुर्ची आणून दिली, पण तिच्यात नातीला त्यानं बसू दिलं थोडंच. आळीपाळीनं त्यानं, गल्ल्यावरच्या म्हाताऱ्यानं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईनं तिला मांडीवर घेतलं. रात्री दहालाही तिथं मुलं मोठ्यांच्या टेबलावर जागी असतात, मोठ्यांचंच खातात, आणि कुणी त्यांना गप्प बसवत नाही.

ट्राममध्ये आम्हाला पाहून एक तरुण उठला. मी नातीला घेऊन बसणार, तोच खिडकीशी बसलेल्या डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईंनी हात पुढं केले आणि तिला आपल्याच मांडीवर घेतलं. मला सोलापूरची गाडी आठवली. फेरीबोटीवर ट्युलिपच्या आकाराच्या पेल्यांतून चहा आला, पोरं समुद्रपक्ष्यांना तिळाच्या कडबोळ्यासारख्या सिमितचे तुकडे उडवत होती, आणि एक आजी येऊन नातीच्या स्वेटरला पिनेनं छोटा निळा मणी लावून गेली. आपण गालाला काजळाची तीट लावतो, ते हा मणी टोचतात. दोन्हीकडं भीती तीच. लेकीनं त्या दूर गेल्यावर मणी काढून पिशवीला लावला, कारण एवढा मणी नातीच्या तोंडात जायला क्षण पुरला असता. लेकीचं बरोबर होतं आणि त्या आजीचंही.

पुढचं विमान दुपारचं. सूर्याच्या मागं मागं पश्चिमेला जायचं, म्हणजे दिवस मावळतच नाही. लख्ख उजेडात मुलाला झोप कशी लागणार? नात जागी राहिली. आम्ही तिला आळीपाळीनं मधल्या वाटेनं मागच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. माझ्या जागी आता लेक होती, कडेला मी, आणि वाटेपलीकडं एक अमेरिकन बाई. त्यांनी आधी लेकीला विचारलं, हिच्याशी बोललं तर चालेल ना; मग आपल्याकडचं एक फळ द्यायच्या आधी परत विचारलं, हे ती खाते का, कशानं काही त्रास होतो का. आपल्याकडचं माणूस विचारण्याआधीच घास तोंडाशी नेतं. इस्तंबूलच्या वाढप्याची मला माया वाटली, तसा या बाईंच्या विचारण्याचाही आदर वाटला. कितीतरी मुलांना शेंगदाण्यानं किंवा सुक्या मेव्यानं अंगावर येतं. विमानात डॉक्टर मिळेलच असं नाही.

चहाचा गाडा आला की मी माझा पेला पलीकडच्या हाताला, झाकण लावूनच मागत होते. मुलाच्या हातापर्यंत पोचेल असा कढत चहा खाली ठेवू नये. खुर्च्या इतक्या जवळ असतात की एक लाथ पुरते.

पुढच्या रांगेत भिंतीला टांगलेल्या पाळण्यात एक तान्हं झोपलं होतं. आई एकटीच होती, हैदराबादची. अटलांटिकवर विमान हलायला लागलं, पट्ट्यांचे दिवे लागले. दिवे लागले की पाळण्यातलं मूल उचलून मांडीवर घ्यावं लागतं, आणि आईच्या पट्ट्यात ओवलेला दुसरा छोटा पट्टा त्याच्या पोटावर बांधावा लागतो. जोराच्या धक्क्यात आईचं अंग मुलावर दुमडतं आणि पट्टा त्याच्या पोटात रुततो, म्हणून अमेरिकेच्या कंपन्यांना हा पट्टा वापरायची परवानगी नाही. इतर बऱ्याच देशांत तो चालतो. ती बिचारी मूल उचलायची, ते जागं होऊन रडायचं, दिवे विझायचे, ती त्याला परत झोपवायची, आणि परत दिवे लागायचे. तिच्या ताटातलं जेवण गार होऊन गेलं. मधे शांत होतं तेव्हा मी जाऊन बाळाला खांद्यावर घेतलं आणि तिला म्हटलं, “आधी जेव.” ती खाली मान घालून भराभर जेवली. त्याच वेळी आमची नात खिडकीशी, दोन खांद्यांवर पट्टे, तोंड उघडं, शेवटी झोपली होती. धक्के तिलाही बसत होते. तिला कुणी उचलत नव्हतं, एवढाच फरक.

खाली लॅब्राडोरचा किनारा आला, गोठलेली तळी आणि काळं जंगल, कुठं घर नाही, रस्ता नाही. मी उरलेलं केळं कुस्करून नातीला दिलं. फळं अमेरिकेत नेता येत नाहीत, ती आत उतरण्याआधी संपवायची. भारतातून कच्चा तांदूळही सोबत नेता येत नाही, धान्यातल्या खापरा नावाच्या किड्याच्या भीतीनं. म्हणून मऊ भातासाठी मी आंबेमोहोर आणला नव्हता. मेतकूट मात्र आणलं होतं, भाजून दळलेलं, आणि फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत अशी खूण केली होती. अधिकाऱ्यानं पुडी हातात घेतली, वास घेतला, हसला आणि परत दिली.

बॉस्टनला दुसऱ्या दिवशी जावयानं नातीला तिच्या उंच खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, समोर भात ठेवला आणि चमचा तिच्या हातात दिला. कुणी भरवलं नाही. भात केसांत गेला, जमिनीवर गेला, आणि पुरेसा पोटात गेला. मग तिनं वाटी दूर सारली आणि तिथं कुणी “अजून एकच घास” म्हटलं नाही. हे बघायला मला आवडलं. संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन मी चिऊ-काऊचे घास भरवले, तेही तिनं तितक्याच आवडीनं खाल्ले. घरात दोन्ही राहतील. विमानात मात्र मूल चालू लागलं की त्याला स्वतःची जागा हवी, आणि नियमानं ती सगळ्यांना द्यायला हवी. तोवर ज्यांना परवडतं त्यांनी ती घ्यावी.

तुमच्या घरातलं कुणी लहान मूल घेऊन असं दूर निघालं असेल, तर त्याला चांदीचा वाळा किंवा आणखी एक खेळणं देऊ नका. सगळ्या काका-आत्यांनी मिळून तिकिटात भर घाला. जागा खिडकीची मागा.